दम धरलेला जीव

९ फेब्रु., सोम.
कॉलेजच्या विज्ञान-अंकाच्या संपादक मंडळाची बैठक. मंडळ म्हणजे मी (शुद्धलेखन), समीर (मांडणी) आणि यंदा नवी आलेली कविता, करमाडहून ये-जा करणारी. वर सर. कविताचा पहिलाच लेख: शेवाळात राहणारं पाणअस्वल. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, आठ पायांचा जीव. सुकला की मेल्यासारखा पडतो, पाणी मिळालं की उठतो. मनात म्हटलं, आल्या व्हॉट्सॲप विद्यापीठाच्या बाई.
सरांचा नियम ठरलेला. स्वतः पाहिलेलंच छापायचं, तेही फोटोसकट. शुक्रवारपर्यंत दाखवा, नाहीतर त्या पानांवर शब्दकोडं. कविताचं तोंड एवढंसं झालं.

१० फेब्रु.
क.ने घरून कागदाच्या पुडीत शेवाळ आणलंय. पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावरून खरवडलेलं, तेव्हापासून फडताळात. नुसता चुरा. तंबाखू म्हणून खपला असता.
लेखाची पहिली ओळ, "मेलेला जीव उठतो." मी "मेलेला" खोडून "सुप्त" केलं. ती म्हणाली, सुप्त म्हणजे झोपलेला, झोपेत श्वास तरी चालतो. मग "निर्जीव"? त्यावर समीर, "निर्जीव है तो उठता कैसे?" बरोबर आहे. आपल्याकडे शब्दच नाही. चिडचिड नुसती.

११ फेब्रु.
काय लिहू.
सकाळी सगळी पुडी बशीत भिजत घातली. थेंब थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली. माती. कुजकं पान. पुन्हा माती. एक सुकलेल्या मनुकेसारखा गोळा दिसला, तोही ढिम्म. मान मोडून आली, मी काच धुवायला उचलणार, तर क. म्हणाली, "दम धरा की ताई जरा."
धरला. मनुका फुगली. कडेनं एक पाय बाहेर आला, त्याला नखं. मग दुसरा. मग तो चालायला लागला. डुलत, सावकाश, झोपेतून उठून पाणी प्यायला निघाल्यासारखा. अंगावर काटा आला माझ्या. समीर हळूच म्हणाला, "अरे, ये तो चल रा."
चहाला क. आपलं आपल्याशीच म्हणाली, "मेला नाय, जिता बी नाय. दम धरून बसला व्हता."
मी कपातला चहा तसाच ठेवून कागद काढला. दम म्हणजे श्वास, दम म्हणजे धीर. समीरच्या घरच्या बोलीतही दोन्ही अर्थ हेच. तिचं वाक्यच लेखाची पहिली ओळ झाली. मी एक काना-मात्रा बदलली नाही.
फोटो नीट येईना. भिंगावर फोन बसवायची क्लिप समीर उद्या शहागंजच्या बाजारातून आणणार, त्याच्या मामूच्या दुकानातून.

१२ फेब्रु.
गाढवपणा. काच काल खिडकीत ठेवली, झाकायची विसरले. आज कोरडी ठक्क. बशी तर मी उत्साहात कालच धुऊन टाकली. क.च्याच लेखात लिहिलंय की सावकाश सुकला तर तगतो, एकदम सुकला तर भरवसा नाही. दुसरं शेवाळ आणावं तर विहिरीला आता सिमेंटचा गिलावा झालाय.
तिनं नुसती काच झाकून ठेवली. मला बोलली असती तर बरं झालं असतं.

१३ फेब्रु., शुक्र.
प्रयोगशाळेतच लिहितेय. सकाळी काचेवर एक थेंब टाकला. क्लिप लावून समीर तयार. सर दोनदा डोकावून गेले. शब्दकोड्याचं विचारलं नाही, स्टूल ओढून तेही बसलेत आता.
गोळा दिसतोय. थोडा फुगलाय, की मला तसं वाटतंय. परवा माझ्या देखत चालला होता हा. एवढासा जीव, आणि त्याच्यासाठी चार माणसं श्वास रोखून.
न राहवून विचारलं, मेला असेल का गं?
क.ने भिंगावरचा डोळा काढला नाही. "आता तुमी दम धरा, ताई."
पाय अजून आतच आहेत.