चार दिवसांचा सेल

८ जानेवारी

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या कानातल्या यंत्राचा सेल चौथ्याच दिवशी मान टाकतो आणि नवा आणायला दोन बस बदलाव्या लागतात, हे वाचून मला माझ्याच धंद्याची लाज वाटली. आमची अख्खी प्रयोगशाळा दीड वर्षं याच एका गोष्टीमागे आहे. आम्ही आखतोय ती चिप तिळाएवढी. तिचा एक कोपरा तेवढा जागा राहतो, बाकीची झोपते. माणसाचा आवाज आला की तो कोपरा इतरांना उठवतो. जमलं तर तोच सेल महिनाभर पुरेल.

तोवर एक करा. घरात कोणी बोलत नसेल तेव्हा यंत्र बंद ठेवत जा, म्हणजे सेल दोन दिवस जास्त चालेल. आई म्हणेल, नाहीतरी यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं! तिला म्हणावं, गुडघ्याचा व्यायाम चुकवू नकोस.

दोघांचा लोभ आहेच, तो माझ्या आळशी पत्रांवरही असू द्या.
तुमची,
भिंगरी

२१ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा तुझ्या आईसाठी मोठ्याने. चाळीस वर्षं मी रेडिओ दुरुस्त केले. सुरुवातीच्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या इतक्या तापायच्या की थंडीत तुझी आई त्यावर हात शेकायची. आता तू म्हणतेस, सगळं तिळात मावतं आणि वर झोपाही काढतं. कुंभकर्णाला नोकरीला ठेवलंस म्हणायचं.

तुझा सल्ला शिरसावंद्य. दुपारी यंत्र बंद ठेवतो. माझ्याशी ओरडून बोलून आपला आवाज भाजीवालीसारखा झालाय, अशी तुझ्या आईची तक्रार आहे. तू कधी येतेस, हे तिने तीनदा विचारायला सांगितलंय. मी एकदाच विचारतो, उरलेले दोन तू धरून घे.

जेवणाच्या वेळा पाळ आणि आम्हा म्हाताऱ्यांवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझे,
अप्पा

२ मार्च

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी. चिपचा आराखडा काल कारखान्यात गेला. आता तीन महिने वाट पाहायची. त्यात एक रेघ चुकली असेल तर खोडायची सोय नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मोजमापाची सगळी मांडणी चिप यायच्या आत तयार हवी, म्हणून या महिन्यातही येणं होत नाही. आईला माझ्या वतीने समजवा. ती फोनवर रागावत नाही, गप्प बसते. त्यापेक्षा रागावलेली परवडली.

राग आला तरी लोभ आटू देऊ नका.
तुमची,
भिंगरी

३० एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू पंधरा दिवस राहून गेलीस. तेवढ्यात तुझ्याशी बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहितो.

तुझी आई न्हाणीघरात पडली तेव्हा यंत्रातला सेल संपला होता, असं मी सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरांना, तुझ्या आत्याला, तुलाही. ते खोटं आहे. सेल दोनच दिवसांपूर्वी घातला होता. यंत्र मी बंद केलं होतं. मी बाहेरच्या खोलीत एका जुन्या रेडिओची सुटलेली तार डाग देऊन जोडत बसलो होतो. ती पाऊण तास हाका मारत होती. शेवटी भिंतीपलीकडच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी ऐकलं, त्या धावत आल्या आणि त्यांनी मला खांद्याला धरून हलवलं.

इस्पितळातल्या तिच्या शेवटच्या सहा दिवसांत तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. उलट नर्सला म्हणाली, यांच्या उजव्या बाजूला उभ्या राहून बोला, यांना तिकडून बरं ऐकू येतं.

हे ऐकून तुझा लोभ उरला नाही, तर मी तो मागणार नाही.
अप्पा

११ जून

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र महिनाभर पर्समध्ये आहे. यंत्र बंद ठेवा, असं तुम्हाला मीच लिहिलं होतं. तुम्ही माझं ऐकलंत. मग दोष कुणाचा, हा हिशोब मला सोडवता येत नाही आणि कुणाला विचारताही येत नाही.

चिप आली. परवा पहिल्यांदा वीज दिली. विजेचा खर्च मोजणारा काटा जवळजवळ हललाच नाही, आणि सहकाऱ्याने नुसतं माझं नाव घेतलं तर चिप लगेच जागी झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात धुवायला जाते म्हणून उठले आणि जिन्यात बसून राहिले. दोन वर्षं जिच्यासाठी घासलं, ती दोन महिने उशिरा आली. आता मला त्या टेबलाकडे पाहवत नाही. काम सोडावं म्हणते.

माझ्यावर रागवा, पण मला सोडू नका.
भिंगरी

२० जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यापासून रेडिओला हात लावलेला नाही. तू भलत्याच गोष्टीचा भार उचलून बसली आहेस. तो उतरवायचा तर मला आणखी एक खरं सांगावं लागेल. ते सांगताना मान वर होत नाही.

तुझं जानेवारीतलं पत्र यायच्या आधीपासून, म्हणजे यंत्र घेतल्याच्या पहिल्या आठवड्यापासून, मी ते दुपारी बंद करत होतो. सेल वाचवायला नव्हे. तुझी आई बोलत असायची, शेजारचं, गुडघ्यांचं, तुझं, आणि मला शांतता आवडायची. ती म्हणायची, अहो, चालू आहे ना? मी मान डोलवायचो. तुझ्या सल्ल्याने मला फक्त चांगली सबब मिळाली. त्या दिवशी सेल महिन्याचा असता तरी यंत्र बंदच असतं. त्यात तुझा दोष तिळाएवढाही नाही.

तिला हे कळत होतं का, याचा मी रोज विचार करतो. बहुधा कळत होतं. तरी ती बोलायची थांबली नाही.

काम सोडू नकोस. सेल वाचवतोय म्हणून घरच्या माणसाचं न ऐकणारे माझ्यासारखे पुष्कळ असतील. त्यांची सबब तेवढी काढून घे.

शिवणाऱ्या बाई रोज सकाळी दारात येऊन दोन शब्द बोलतात. मी यंत्र चालू करून बसलेला असतो. तू ये. तू बोल, मी ऐकेन.

या बापावर अजून जीव असेल तर पत्रात चार ओळी जास्त लिही.
तुझे,
अप्पा