साइटवर नंबर कुणाचा?

३ फेब्रुवारी, मंगळवार
आपल्या दुकानाची वेबसाइट आज मोबाइलवर उघडली. अर्धी कुलपं स्क्रीनच्या बाहेर लटकतायत! वर बाबांचा नंबर लाल अक्षरांत लुकलुकतोय, खाली 'चोवीस तास सेवा', आणि मध्ये अशा कुलपाचं चित्र जे आमच्या दुकानात कधीच नव्हतं. धाकटीला फोन केला. लोकांच्या साइटी बनवणं हेच बहिणाबाईंचं पोटापाण्याचं काम. म्हणाली, ती आपली आहे हे मी लाजेने कुणाला सांगतच नाही. रविवारी येतेय.

४ फेब्रुवारी
इथे खरं लिहायला हरकत नाही. रंग न् फोटो गेले खड्ड्यात — मला बाबांचा नंबर काढून माझा टाकायचा आहे. सत्तरी उलटली, तरी फोन वाजला की हत्यारांची पिशवी उचलून चालू पडतात. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या जिन्यातच बसले. घरी येऊन म्हणतात, बुटाची नाडी बांधत होतो. चपला घालतात ते! मला भीती वाटते. पण त्यांना हे सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

८ फेब्रुवारी, रविवार
बैठक! दुकानात, चावी कापायचं मशीन बंद करून. धाकटीने लॅपटॉपवर नव्या पानाचा आराखडा दाखवला. बाबांची पहिली शंका: एवढी जागा रिकामी का? फुकट चाललीय.

मग तिने काउंटरमागच्या भिंतीचा फोटो काढून पहिल्या पानावर टाकला. गिऱ्हाइकांसाठी करून ठेवलेल्या चाव्या ओळीने टांगलेल्या, वर तिरपं ऊन. मी वा वा म्हणाले. बाबांनी चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा करत गेले, शेवटी एकच चावी उरली.

"ही डॉक्टरीणबाईंच्या घराची. यावरून मी संध्याकाळपर्यंत दुसरी कापून देईन. चोरही देईल."

इतकी वर्षं या धंद्यात, आणि वा वा म्हणणारी मी! आता पहिल्या पानावर दाराचा फोटो आहे. बंद दाराचा.

९ फेब्रुवारी
बाबांनी साइटसाठी एक वाक्य सांगितलं: 'कुलूप उघडताना गिऱ्हाइकाने पाठ करून उभे राहावे.' धाकटी म्हणते, वाचणारा पळून जाईल. बाबा म्हणतात, पळू दे. दारापाशी बसले की ते आधी हेच सांगतात — जरा रस्त्याकडे बघा. घरमालक असो की पोलीस, सगळ्यांना तोच कायदा. हातातली विद्या चव्हाट्यावर मांडायची नसते.

माझी तऱ्हा उलटी. मी कुलपाला हात लावला रे लावला की माझ्या खांद्यावरून बाबांचं नाक पुढे! अजूनही.

१५ फेब्रुवारी, रविवार
नंबरचा विषय निघाला. धाकटी मधाळ आवाजात म्हणाली, बाबा, साइटवर मोठीचाच नंबर ठेवू या, तुम्हाला तेवढाच आराम. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली.

"लोक दुकानाला फोन करत नाहीत. या हाताला करतात."

मग मी जिना काढला, नाडी काढली, सगळंच काढलं. आवाज चढला माझा. बाबा जेवायला घरी गेले ते दुकानात परत आलेच नाहीत. आम्ही दोघी थोबाडीत मारल्यासारख्या बसलो.

१६ फेब्रुवारी
अबोला. पण बारीक कुलपं माझ्याकडेच सरकवणं चालू. आज दागिन्यांच्या पेटीचं नखाएवढं कुलूप. कंटाळा आलाय म्हणे. बाबांना, आणि कुलपाचा कंटाळा! रुसव्याची ही नवीनच पद्धत.

२२ फेब्रुवारी, रविवार
साइट सुरू झाली. वर बाबांचाच नंबर, ठळक. लुकलुकत नाही — धाकटीने तेवढा सूड उगवला. पाठीचं वाक्यही आहे. छान दिसतंय सगळं. मी हरले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
दुपारी दुकानात एकटीच. माझा मोबाइल वाजला. "साइटवरून नंबर घेतला. निघताना दार ओढलं गेलं, चावी आत राहिली. माणूस पाठवता का?"

आवाज बाबांचा. थट्टाच वाटली. साइट उघडून बघितली, तर वर माझा नंबर. बाबांनीच धाकटीला सांगून परस्पर बदलून घेतला होता.

धावत घरी गेले. बाबा दारात, पायाशी हत्यारांची पिशवी उघडी. कुलपाच्या भोकाभोवती ओरखडेच ओरखडे. आयुष्यात एका दारावर ओरखडा उठू दिला नव्हता या माणसाने. उजवा हात खिशात घातलेला. आतल्या आत कापत होता, कापडावरून दिसत होतं.

मी खाली बसले, हत्यार उचललं.

बाबांना सांगावं लागलं नाही. ते आपणहून वळले आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले.