समोरची खोली आणि चिमीची झोप

ता. ६ जाने. ७४, रविवार

चिमी आज पालथी पडली! आपणहून. पडली आणि मान उचलून माझ्याकडं असं बघितलं, जसं काय गडच घेतला. दत्तूचं लग्न होऊन किती वर्षं झाली, नवससायास सगळे करून झाले, मी तर आशा सोडलेली, आणि आता ही नात. दुसरं काही सुचतच नाही मला. गुळाच्या दशम्या केल्या, बोळात घरोघर दिल्या. समोरच्या खोलीत दिल्या नाहीत.

आधी तिथं कोळशाची वखार होती ते बरं होतं. पावसाळ्यानंतर एक सिस्टरबाई आली, कुठल्याशा दवाखान्यातून रिटायर झालेली, आणि जोडीला गफूरभाई टांगेवाला. सकाळ झाली की शुक्रवार पेठेतले सगळे अफूवाले दारात. त्यांना चहा देतात, जखमा धुतात, आणि अफूसुद्धा देतात! ज्याची त्याचीच, सरकारी परवान्याच्या कार्डावर आणलेली, पण ठेवायची बाईकडं आणि ती रोज पाण्यात उगाळून मोजून पाजणार. रोज थोडी कमी. म्हणे अशी सुटते. अगं, सोडवायची तर देतेस कशाला? चोराला सांगायचं का, आज जरा कमी चोर बाबा?

ह्यांची सुटली ते बरं. मिलमध्ये कापसाची पूड छातीत जाऊन खोकला धरला, त्यावर कुणीतरी दिली, आणि खोकला गेला तरी ती राहिली. दिवाळीत मी ह्यांचा हात धरून चिमीच्या डोक्यावर ठेवला. शपथ घ्या म्हटलं. घेतली. त्या दिवसापासून बंद.

ता. ९, बुधवार

चिमी लई गुणाची. सकाळी न्हाऊ घातलं, घुटी दिली की दुपार टळेपर्यंत डोळा उघडत नाही. घुटी मीच देते, शालनला (सूनबाई) उगाळता येत नाही. ती विड्या वळायला बसली की तिला जग दिसत नाही. हिरड्याचे दोन वेढे, वेखंडाचा एक, मुरडशेंग, सुंठ, जायफळ नावाला. सहाण माझ्या माहेरची, करकंबहून आणलेली. दत्तूही तिच्यावरच वाढला.

शेजारची नरसम्मा आली होती. घरात मागावरच्या चादरी पडलेल्या, आणि ही हितं पाय पसरून बसणार. म्हणाली, "अक्का, तुमचं बाळ लई शाणं की वो. रडतच न्हाय. आमचं असलं असतं तर मी धा चादरी जास्त इणल्या असत्या."

मी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मग बघते तर तिचं बोट चिमीच्या तोंडात!

"काय घातलं गं?"

"काय न्हाय वो, मध हाय मध."

मध? मध आणून देणाऱ्यातली ही बाई नाही. लक्ष ठेवायला पाहिजे.

ता. १२, शनिवार

आज खिडकीतून पाहिलं. हे समोरच्या खोलीतून बाहेर आले, मागं गफूरभाई. दोघं हसत होते.

घरी आल्यावर विचारलं, कुठं गेलता. म्हणाले, "च्या प्यायला."

"घरात च्या न्हाय?"

"हाय की. पण तितं कुणी इचारत न्हाय, कशाला आला म्हणून."

आता ह्याला काय म्हणावं. शपथ मोडली असं मी म्हणत नाही. पण धोतराचा सोगा हुंगून पाहिला. तपकिरीचा वास आला. तपकीर हे ओढत नाहीत. म्हणजे गफूरभाईची असणार. एवढं जवळ बसतात?

चिमीच्या बोरन्हाणाचं सामान आणलं. बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे करवे, रेवड्या. काळ्या कापडाचं झबलं शालननं शिवलं, हात चांगला आहे पोरीचा, उगाच नाव ठेवू नये. हलव्याचे दागिने मी करते आहे. परातीखाली शेगडी ठेवून काटा येईपर्यंत बोटं भाजली, पण मुकुट असा झाला की काय सांगू.

ता. १५, मंगळवार

बोरन्हाण झालं. लिहायला हात होत नाही.

बोळातली सगळी पोरं गोळा. चिमीला धरून पाटावर बसवलं, मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, काळ्या झबल्यावर पांढरं असं शोभलं! डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतले. पोरं तुटून पडली, किंकाळ्या, ढकलाढकली. आणि चिमी? मान एका बाजूला. झोपलेली. ऊस डोक्यावर आपटला तरी हूं नाही की चूं नाही.

बायका म्हणाल्या, शांत बाळ. मी पण हसले. पण दत्तूच्या बोरन्हाणात दत्तूनं अख्खी पेठ डोक्यावर घेतली होती. एवढ्या दंग्यात कुठलं लेकरू झोपतं?

कुणीतरी काहीतरी देतंय हिला.

न. (नरसम्मा) मध चाटवते. शालन तंबाखूच्या हातानं पाजायला घेते. गफूरभाई दारात उभा राहून "क्या गुड्डी, क्या करतीं तुम" करत टाळ्या वाजवतो. तिघांतलं एक कुणीतरी. शालनला आधी धरलं.

"हात धुतेस का गं?"

"धुते की आत्या. तुमच्यासमोरच धुते."

समोर धुते. मागं काय करते?

ता. १६, बुधवार

देवा.

सकाळी घुटी दिली. दूध घ्यायला उठवते तर उठेना. ओठ निळसर. श्वास एक येतो, मग कितीतरी वेळ काहीच नाही. शालन ओरडायला लागली. दत्तू मिलमध्ये, हे कुठं गेलते कोण जाणे. डॉक्टर पार चौकापलीकडं. मी चिमीला उचललं आणि समोर पळाले. जिथं दशमी दिली नाही तिथं.

सिस्टरबाईनं चिमीला हातातून घेतलं. पापणी उचलून बॅटरी मारली. मला म्हणाली, "आजी, बघा. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालीय. घरात अफू कोण खातं?"

मी म्हटलं, "आमच्या घरात कुणी न्हाय. तुमच्याकडंच खातात की!"

ती चिमीच्या तळपायाला टिचक्या मारत राहिली, तोंडाला तोंड लावून फुंकर घालत राहिली. गफूरभाईनं टांगा जोडला. "भाभी, डरो नको, बैठो." घोडा असा हाणला की मी आयुष्यात एवढ्या जोरात पळणारा टांगा पाहिला नाही. वाटभर सि.बाई फुंकर घालत होती, थांबली नाही. मोठ्या दवाखान्यात ठेवून घेतली.

ता. १८, शुक्रवार

चिमी घरी आली. रडते आहे. किती गोड रडते! मी दाराशी बसून ऐकते.

डॉक्टरांनी विचारलं, अफू कुणी दिली. म्हणाले, पूर्वी मिलच्या बायका कामाला जाताना तान्ह्यांना बाळगोळी द्यायच्या, अफूचीच, लेकरू दिवसभर झोपून राहायचं, काही उठलीच नाहीत. डॉक्टर शालनकडंच बघत होते. तिचं तोंड एवढंसं झालं. मी तिच्या बाजूनं काही बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं का? पण दिलं नाही कशावरून?

ता. २०, रविवार

दोन दिवस चिमीला कुणाच्या हातात दिलं नाही. न.ला उंबऱ्यावरूनच परत धाडलं. दोन दिवस चिमी टक्क जागी. मग आज सकाळी घुटी दिली, अगदी थोडी, डॉक्टर नको म्हणाले होते पण पोटात गॅस धरला होता. आणि परत पेंगायला लागली! सि.बाईकडं नेलं, तिनं मांडीवर घेऊन दिवसभर जागी ठेवली. उतरलं.

म्हणजे घुटीत आहे. जायफळ! नव्या वाण्याकडचं जायफळ. त्याला जाऊन चांगलं झाडलं. तो म्हणाला, "आजी, सगळी पेठ माझंच जायफळ खातीया, सगळी पेठ झोपली का?"

ता. २१, सोमवार

न. चिडून आली. सगळ्या बोळाला कळलंय मी तिच्यावर संशय घेते ते. दारातूनच म्हणाली, "अक्का, माझ्या सहाणेवर उगाळा, माझ्यासमोर, तुमचीच औषधं. मग बघा कोण इख घालतंय."

मी पण पेटले. आणलं की तिची सहाण. त्याच हिरड्याचा वेढा, तेच जायफळ. एक थेंब बोटावर दिला. चिमी टक्क. दुपारपर्यंत खिदळत होती.

तेच जायफळ. तोच हात. सहाण तेवढी दुसरी.

माझी सहाण उचलली आणि जीभ लावली. कडू. हिरडा कडूच असतो, वेखंडही. पण हे कडू मला माहीत आहे. तीस वर्षं ह्यांच्या तोंडाला हाच वास.

ता. २२, मंगळवार

पहाटे उठून चुलीमागं बसले. हे आले. कनवटीतून पुडी काढली, सहाणेवर पाणी टाकलं, उगाळलं, वाटीत घेऊन घोट घोट प्याले. मग सहाणेवर तांब्याभर पाणी ओतलं. धुतली म्हणे.

मी उभी राहिले. हे तिथंच बसले, खालीच.

"खोलीत रोज जातो मी. दिवाळीपास्नं. कमी केलीय, सिस्टरबाईला इचार. पण पहाटं पोटात पीळ पडतो, खोली उघडत न्हाय तवर. थोडी लपवून ठेवली."

"आन सहाणेवर कशाला? माझ्या सहाणेवर?"

"गोळी गिळली की संपली. उगाळली की चार घोट हुत्यात. थोडी असली तरी लई वाटतीया. तितं असंच करत्यात."

एवढं बोलले आणि चिमीच्या पाळण्याकडं बघून रडायला लागले. मी ह्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला दया आली नाही. आज खरं लिहिते, नाही आली.

शालनला मात्र जवळ घेतलं. ती म्हणाली, "आत्या, जाऊं द्या." जाऊं द्या म्हणते पोरगी.

ता. २४, गुरुवार

सि.बाईशी भांडायला गेले. तुमच्या ह्या उगाळण्यानं माझी नात गेली असती म्हटलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "दगड पितो, आजी. वरून पाणी ओतून जात नाही. हे मी सगळ्यांना सांगायला हवं होतं, कुणाच्या घरात तान्हं आहे ते विचारायला हवं होतं. माझं चुकलं." मग म्हणाली, "पण त्यांनी घरात का लपवली?"

"शपथ घेतली होती म्हणून."

ती परत जखमा धुवायला बसली. मी उठले. म्हणजे शपथ घातली ती चूक का? मग काय आरती ओवाळायची? घरी येईपर्यंत मनातल्या मनात भांडत होते.

आता असं ठरलं. घरात पुडी नाही. सगळी बाईकडं. गफूरभाई पहाटेच खोली उघडणार, ह्यांच्यासाठी. "भाईसाब को पीळ पड्या तो मेरे कू हाक मारो, मैं टांगे में सोतूं." माझी माहेरची सहाण खोलीत गेली, अफूवाल्यांसाठी. देताना जीव तुटला. नवी सहाण पाथरवटाकडून आणली. खरखरीत आहे, हाताला ओळख नाही.

ता. २६, शनिवार

आज झेंडावंदन. चिमीनं बोळातल्या पोरांच्या हातातला झेंडा ओढून चावला! दोन दात टोचताहेत हिरडीत.

बोळातले चौघं अर्ज घेऊन आले. समोरची खोली बंद करा, पोरंबाळं बिघडतात. पुढचा म्हणाला, "आजी, पयली सही तुमची पायजे. तुमच्याच घरात झालं की." सही करता येते मला, पुढच्या बोळातल्या बायकांच्या वर्गात शिकले, एरवी कुणी कागद आणला की मला आनंदच होतो. पण लेखणी धरली आणि आठवलं, सि.बाई टांग्यात चिमीच्या तोंडात फुंकर घालत होती. आणि खोली बंद झाली तर पहाटे हे कुठं जाणार? परत चुलीमागं.

आणि खोली राहिली, तर खरंच कमी होते ह्यांची? सांगतात. सगळेच सांगतात.

म्हटलं, मंगळवारी या.

ता. २९, मंगळवार

पाच दिवस रोज सकाळी आधी नव्या सहाणेला जीभ लावते, मगच हिरडा घेते. हे बघतात. काल म्हणाले, "चाटून चाटून झिजवशील तू." दोघंही हसलो. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

आज जीभ लावली. कडू.

परत धुतली, घासली, परत लावली. कडू. न.ला हाक मारली, तू चाट म्हटलं. तिनं चाटलं, थुंकली, म्हणाली, "कडू कुटलं वो अक्का. तुमची जीभच कडू झालीया." मला वाटतं कालचा हिरडा असेल. काल सहाण मीच धुतली होती का शालननं, आठवत नाही.

घुटी दिली नाही. सहाण अंगणात उन्हात ठेवली आहे. चिमी मांडीवर आहे, लेखणी ओढते, म्हणून अक्षर असं.

अर्जवाले दारात बसलेत. एकदा या म्हटलं, आलेत. मी त्यांना पाणी दिलं आणि म्हटलं, थांबा जरा. हे समोर गेलेत पहाटेपासून, अजून आले नाहीत. येऊं देत. आधी ह्यांचं तोंड बघते, मग सहीचं ठरवते.