अंजूने दिलेल्या चाकाबाबत माझे मृत्युपत्र

मी, बाबूसिंग गोबरू आडे, वय एकोणसत्तर, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार दिग्रस रोड, पुसद, जिल्हा यवतमाळ, हा लेख स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दारू पीत नाही. कोणी दबाव आणलेला नाही, आणि दबाव आणण्याइतके जवळचे माणूस आता घरात उरलेलेही नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. मात्र दुसरा एक कागद केला होता. त्याबद्दल पुढे लिहितो.

माझी पत्नी भुरीबाई तीन वर्षांपूर्वी वारली. मला एकच अपत्य, मुलगी अंजू, वय एकतीस, राहणार बेल्जियम, धंदा सायकल शर्यत. वकीलसाहेबांना हा धंदा समजावून सांगताना माझा घसा बसला, म्हणून इथे लिहूनच ठेवतो. तिकडच्या शर्यतीत बायका देशाकडून धावत नाहीत, कंपनीच्या संघाकडून पगारावर धावतात. संघात एक म्होरकी असते आणि बाकीच्या तिच्यासाठी राबतात. अंजू राबणाऱ्यांतली होती.

कलम १. घर आणि दुकान दोन्ही माझ्या स्वकष्टाची आहेत, वडिलोपार्जित काही नाही. वडील तांड्यातून आले तेव्हा त्यांच्याजवळ एक घोंगडी होती. या दोन्ही मिळकती अंजूला द्याव्यात. ती त्या घेणार नाही. तिने वर्षभरात नकार कळवला की दोन्ही विकून आलेली रक्कम सायकल शिकणाऱ्या मुलींना द्यावी. त्या पुसदच्या नसाव्यात.

कलम २. माझा पुतण्या राजकुमार याला चाळीस फुटी फ्लेक्स द्यावा. सध्या तो दुकानामागे जुन्या टायरांवर पांघरला आहे. त्यावर अंजूचा फोटो आणि 'भारताची कन्या' अशी अक्षरे आहेत. अंजू राष्ट्रीय स्पर्धा जिंकली तेव्हा राजकुमारने तिची उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. त्याआधी ती वाशीम रस्त्याच्या घाटात सराव करायची, तेव्हा हेच लोक म्हणायचे, "लमाणाची पोट्टी हाय, मांड्या दाखवत हिंडते." जिंकल्याबरोबर ती लमाणाची राहिली नाही, एकदम भारताची झाली. मला तेव्हा फार बरे वाटले, हेही खरे आहे.

राष्ट्रीय विजेतीला वर्षभर देशाच्या रंगांची जर्सी मिळते. कंपनीच्या संघातसुद्धा तिने तीच घालायची असते. पुसदने यावरून ठरवून टाकले की अंजू तिकडे भारताकडून धावते. ही चूक मी दुरुस्त करू शकलो असतो. केली नाही, कारण त्या चुकीमुळे मला चौकात खुर्ची मिळत होती.

कलम ३. चहावाला धावजी याला माझ्या कपाटातला दगड परत द्यावा. तो दुकानाच्या काचेतून आत आला होता. कोणी मारला ते मी पाहिले आहे, धावजी. तुझी वस्तू तुझ्याकडे गेलेली बरी.

दगडाची हकीकत अशी. २०१९ साली धावजीच्या टपरीसमोर मोठा पडदा लावून लोकांनी अंजूची शर्यत पाहिली. चढावर सहा किलोमीटर उरले असताना संघाची म्होरकी, एक डच बाई, पंक्चर झाली. सुटी चाके घेऊन येणारी संघाची गाडी मागे अडकली होती. अंजू पुढच्या टोळक्यात होती. ती थांबली, उतरली, आपल्या सायकलचे पुढचे चाक काढले आणि त्या बाईला दिले. बाई गेली आणि शर्यत जिंकली. अंजू तिरंगी जर्सीत, बिनचाकाची सायकल धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तिने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मग कोणीतरी म्हणाले, "तिरंगा घालून गोरीले चाक देल्लं." दुसरा म्हणाला, "यायचा कोणता देश हाय? आज इथं, उद्या तिथं." राजकुमारने माइक माझ्या तोंडाशी धरला. "काका, तुमाले तं सायकलीतलं समजते. असं चाक देतेत का कोणी?"

देतात. तेच तिचे काम होते, त्याचाच तिला पगार होता, आणि त्या चढावर इतक्या झटपट चाक काढून देणारी दुसरी कोणी त्या संघात नव्हती. चाक कसे काढायचे ते मीच तिला शिकवले होते. दोनशे माणसांत हे माहीत असलेला मी एकटा होतो.

मी म्हणालो, "नाही देत."

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दगड आलाच. तेव्हा मी यवतमाळला जाऊन एका दैनिकात जाहीर नोटीस दिली: 'माझी मुलगी अंजू हिने देशाचा अपमान केल्याने तिच्याशी माझा कोणताही संबंध उरलेला नाही.' सुरुवातीला म्हटलेला कागद तो हाच. चौकाने वर्गणी काढून मला नवी काच बसवून दिली. भुरीबाई एवढेच म्हणाली, "तिनं चाक देल्लं. तुम्ही पोरगी देल्ली." त्यानंतर मरेपर्यंत तिने माझ्या ताटात वाढले, पण माझ्याशी बोलली नाही.

ती गेली तेव्हा अंजू आली. चौकातले सगळे दारात होते. मी त्यांच्यादेखत तिला अंगणातच थांबवले आणि आधी माफी माग म्हणालो. ती म्हणाली, "बा, तुमाले तं मालूम होतं." आईला बाहेर आणले तेव्हा तिने अंगणातच तोंड पाहिले आणि आलेल्याच ऑटोने परत गेली.

पुढच्या वर्षी ती स्वतः स्पेनमध्ये एक मोठा टप्पा जिंकली. राजकुमारने तोच फ्लेक्स पुन्हा चढवला, जीप काढली, आणि तिच्या जागी मला बसवले. मी बसलो. हार घातले तेही घेतले. घरी येऊन तिला फोन केला. ती म्हणाली, "पेपरातलं कात्रण माह्याजवळ हाय, बा. संबंध नाही असं लिवलं त्याच्यात. मंग राहू द्या." गेल्या वर्षी तिने तिकडचे नागरिकत्व घेतले, तेव्हा गावाने फ्लेक्स उतरवला आणि म्हणाले, रक्तच तसे. मला कोणीच बोल लावला नाही.

कलम ४. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा स्टँड अंजूच्या पत्त्यावर पाठवावा. परत आला तर फोडावा. बाकीची अवजारे भंगारात घालावीत, या गावात कोणाच्या हाती देऊ नयेत.

कलम ५. मला खांदा द्यायला चौक येईल. अडवू नये, मी त्यांच्यातलाच आहे. अंजूला कळवू नये. तिने यावे असे मला वाटते, म्हणूनच कळवू नये.

कलम ६. दुकानात बावीस वर्षे माझ्याबरोबर काम केलेले श्रावण मनवर यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमतो. माझ्या तेराव्यानंतर त्यांनी त्याच दैनिकात माझ्या नावाने पुढील मजकूर छापावा: 'सायकल शर्यतीत म्होरकीला चाक देतात. अंजूने दिले ते बरोबर होते. हे मला त्याच वेळी माहीत होते. मी खोटे बोललो.'

हे आजच का छापत नाही, असे श्रावणने मला विचारले. मी त्याला सांगितले ते इथेही लिहितो. मला अजून याच गावात राहायचे आहे आणि सकाळचा चहा धावजीकडेच प्यायचा आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझा आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

(सही) बाबूसिंग गोबरू आडे

साक्षीदार:
१. (सही) श्रावण किसन मनवर, पुसद
२. (सही) डॉ. उर्वशी भगत, पुसद

ठिकाण: पुसद
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५