वाइन, बादली आणि मी

५ मार्च
आजपासून रोजनिशी. कारण तसंच आहे. वायनरीच्या टेस्टिंग पॅनलवर, म्हणजे वाइन चाखून गुण द्यायला, मला बोलावलं आहे. भाचा तिथेच वाइन बनवतो, निरोप त्याने आणला. पण नाव मालकांनीच सुचवलं असणार. पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजीचे पेपर तपासले, वीसपैकी बाराच्या वर कुणाला दिले नाहीत. वाइनचा अनुभव नाही, गुण देण्याचा आहे.
सून म्हणाली, बरं झालं आई, तेवढाच विरंगुळा. विरंगुळा म्हणे.

७ मार्च, सायंकाळ
पहिली बैठक. बाटल्यांना कापडी पिशव्या, वर नुसते नंबर, म्हणजे कुणाची कोणती ते कळू नये. सगळ्यात फिकट पांढरी आधी, गडद लाल शेवटी. ग्लास फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा.
बादलीत. चारचौघांत.
शेजारी दाताचा डॉक्टर. जन्मभर लोकांना थुंका, थुंका सांगितलेला माणूस. हातभर लांबून धार सोडतो, बादली वाजते. मला म्हणाला, बाई, लाजू नका. मी सांगितलं, आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, सभ्य मुलीच्या तोंडातून फक्त शब्द बाहेर पडतात. मग वाइनचं काय करणार, म्हणाला. गिळणार.
गिळल्या. सगळ्या. सुरुवातीच्या सामान्य होत्या. वीसपैकी चार, पाच गुण. पुढे दर्जा झपाट्याने सुधारला. शेवटच्या लाल वाइनला अठरा. शाळेतसुद्धा इतके कधी दिले नव्हते.
भाच्याने गाडीतून घरी सोडलं. आमच्या जिन्याच्या पायऱ्या कुणीतरी वाढवल्या आहेत. तक्रार करायला हवी.

८ मार्च
डोकं जड. त्यांचे ग्लास फार पातळ आहेत, त्याचाच परिणाम.
धाकट्या बहिणीचा फोन. पुढच्या बैठकीत तिच्या मुलाची, म्हणजे भाच्याची, स्वतःची पहिली वाइन आहे. चार वर्षं राबलाय. पॅनलने सरासरी बारा गुण दिले तर त्या वाइनला स्वतःचं लेबल, नाहीतर सगळी दुसऱ्या स्वस्त वाइनमध्ये ओतणार. ताई, जरा सांभाळून, म्हणाली. मी बजावलं, माझ्याकडे वशिला चालत नाही. मनात मात्र म्हटलं, चांगली असेल तर माझ्या जिभेला कळेलच.

१३ मार्च
संकल्प : थुंकायला शिकणे.
बाथरूम, कडी, पेलाभर पाणी. आरशात स्वतःकडे लक्ष गेलं आणि गिळून टाकलं. दात घासताना जमतं, पण ते पेस्टचं काम, त्याला मान खाली असते. दुसऱ्यांदा तोंड उघडलं, तर पाणी हनुवटीवरून थेट ब्लाउजमध्ये. नातीने बाहेरून विचारलं, आजी, आत कोण आहे.
उद्या आयत्या वेळी जमेल. माझं नेहमी आयत्या वेळीच जमतं.

१४ मार्च
जमलं नाही. वाकले होते. डॉक्टरने अदबीने बादली पुढे धरली, मालकही बघायला लागले. गिळलं.
पहिलीच पांढरी बेचव, आंबट तोंडाची. तीन गुण. शेरा : अभ्यास कमी. पुढे नेहमीप्रमाणे सुधारणा. शेवटच्या लालला एकोणीस! शेरा : अशी वाइन पिढीत एकदाच होते. उभं राहून वाचून दाखवला. सगळ्यांनी आपापल्या कागदात डोकं घातलं. भारावले असावेत.

१५ मार्च
ती पांढरी भाच्याची होती.
आणि शेवटची लाल बिघडलेली, व्हिनेगरसाठी बाजूला काढलेली. मालक दर वेळी मुद्दाम तशी एक शेवटी ठेवतात, पॅनल शुद्धीवर आहे का ते बघायला. बहीण फोनवर म्हणाली, ताई, माझ्या लेकराला तीन आणि व्हिनेगरला एकोणीस. आणि तिने फोन ठेवला. मी परत केला, उचलला नाही.
जेवण गेलं नाही. माझे गुण रीचेकिंगला घ्या, असं मालकांना कळवावं का? पण जन्मात मी कुणाचा एक गुण वाढवून दिला नाही. कोणत्या तोंडाने सांगू.

१७ मार्च
भाचा आला. लेबल मिळालं. सरासरी तेराच्या वर.
म्हटलं, माझे तीन धरून? तो बराच वेळ चहा ढवळत राहिला. साखर तो घेत नाही. मग म्हणाला, मावशी, तुझे गुण धरतच नाहीत. पहिल्या दिवसापासून. त्यानेच मालकांच्या मागे लागून एक खुर्ची जास्त ठेवायला लावली होती. तू दिवसभर खिडकीशी बसून असतेस, आल्यागेल्याच्या चुका काढतेस, ते बघवत नव्हतं, म्हणाला. आता मात्र मालक नको म्हणतात. सगळं गिळतेस, एखाद्या दिवशी पडलीस तर ते त्यांच्या गळ्यात येईल.
राग आला का, विचारलं त्याने. मी विचारलं, वाइन खरंच बरी झालीय का रे. तूच सांग, म्हणाला, आणि बाटली ठेवून गेला.

२१ मार्च, दुपारी
आज पॅनल बसलं असेल.
भाच्याची बाटली उघडली. एक घोट. तोंडात घोळवला, घाई केली नाही. हिरव्या सफरचंदाची चव, मागून किंचित मधाची. बेसिनपाशी गेले. दार उघडंच ठेवलं. थुंकले. सरळ धार, एक थेंब बाहेर नाही.
चव तरीही तोंडात राहिली. सोळा.
आवाज ऐकून सून धावत आली. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, आई, उलटी होतेय का.