डाव्या बाजूचा सहावा पाटा

बाबा,

तुझ्या पिकअपची पुढची दोन्ही चाकं परवा मिस्त्रीने काढली आणि तेव्हापासून मला तुझ्याशी बोलायचं आहे. तू जाऊन अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली पाच वर्षं भावाने गाडी चालवली, मग त्याने नवी घेतली आणि तुझी नार्व्याच्या आपल्या घरामागे माटवाच्या छपराखाली उभी करून ठेवली. कोंबड्या गाडीच्या मागच्या हौद्यात अंडी घालायला लागल्या होत्या. यंदा गणपतीच्या चवथीच्या आधी जागा मोकळी करायची म्हणून त्याने भंगारवाल्याला बोलावलं. मी फोनवर म्हटलं, मला दे. तो हसला, कारण मला स्कूटरपलीकडे काही चालवता येत नाही. शेवटी ठरलं असं, की चवथीच्या आत ती आपल्या पायांनी माझ्या सासरी साखळीला आली तर माझी, नाही आली तर भंगारात. इंजिन बिचारं नवी बॅटरी घातल्यावर धूर ओकत सुरू झालं. पण पुढचा भाग पार बसला होता. रबरी बुश कुजलेले, शॉकअपमधलं तेल कधीच गळून गेलेलं, स्प्रिंगचे पाटे गंजून एकमेकांना चिकटलेले. म्हणून साखळीचा एक मिस्त्री नार्व्याला आणला. मूळचा बेळगावकडचा, मितभाषी माणूस.

त्याला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, बाकी काय करायचं ते कर, पण गाडी सरळ उभी राहिली पाहिजे. डावीकडे झुकलेली ती गाडी मला बघवत नव्हती. भंगारातून सोडवायची आणि मग सरळ करायची, एवढाच माझा हट्ट होता. का, ते तुला ठाऊक आहे. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, म्हणून मीच लिहिते.

लग्न होऊन मी साखळीला आले तेव्हा ती गाडी सरळ होती. हौद्यात तुझी मिरची, वांगी, अळसांदे, आणि पुढे डाव्या सीटवर कधीकधी मी. पहिल्या खेपेला माझं पोट तिसऱ्या महिन्यात रिकामं झालं. आई तर आधीच गेलेली, त्यामुळे त्या गोष्टीबद्दल माहेरी माझ्याशी कुणी बोललंच नाही. तू फक्त आठवडाभर रोज शहाळी आणून ठेवत होतास. दुसऱ्या खेपेला पणजीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं की हिला धक्के बसता कामा नयेत. ह्यांची नोकरी शिफ्टची, तेव्हा दर महिन्याला मला पणजीला न्यायचं तू अंगावर घेतलंस. त्या वेळचा रस्ता आठवतो ना? खाणींच्या ट्रकांनी त्याची चाळण केली होती. पहिल्या फेरीत एका खड्ड्यात गाडी अशी आपटली, की मी दोन्ही हातांनी पोट धरलं आणि डिचोलीपर्यंत रडले. तू गाडी बाजूला घेतलीस, स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिलास. मला वाटलं, तुला माझा राग आलाय.

पुढच्या महिन्याला मी जीव मुठीत धरून बसले, आणि धक्के जाणवलेच नाहीत. म्हणजे जाणवत होते, पण पोटापर्यंत पोचत नव्हते. मी आश्चर्याने तुझ्याकडे पाहिलं. तू समोर बघत म्हणालास, "रस्तो बरो केला गो तांणी." मी विश्वास ठेवला. खड्डे डोळ्यांना दिसत होते, तरीही ठेवला. गरजू माणूस कशावरही विश्वास ठेवतो, आणि शिवाय तू कधी खोटं बोलत नव्हतास.

मुलगी झाली. बारशाला तू एकटाच आलास. आई असती तर तिने तुला सांगितलं असतं, की आजोळचा माणूस बारशाला पाळणा आणतो, निदान सोन्याचा मणी आणतो. पाळणा तू आणलास, पण त्याच्याबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जड काहीतरी माझ्या मांडीवर ठेवलंस. सगळ्या बायकांसमोर मी ते उघडलं. आदोळी. पुस्तकात जिला विळी म्हणतात ती, पुढे खोबरं खोवायचे दाते असलेली, काळी कुळकुळीत, फणसाच्या पाटावर बसवलेली. बाळंतिणीच्या उशाशी कोयता ठेवतात तेवढंच लोखंड त्या खोलीत चालतं, बाबा. बारशाची भेट म्हणून धारेची वस्तू कोण देतं? सासूबाईंनी नुसती ती उचलून स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपामागे ठेवली. तू मात्र खुशीत होतास. "लोखण बरें आसा. मोडचें ना," असं दोनदा म्हणालास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच सुमाराला गाडीचा कल माझ्या डोळ्यांत भरला. डावा खांदा पडलेल्या माणसासारखी ती आमच्या दारात उभी राहायची आणि शेजारची माणसं विचारायची, काय हो, सासऱ्याची गाडी दमली वाटतं. ह्यांनी ते हसण्यावारी नेलं, मला नाही नेता आलं. मी तुला चिंगूस समजत होते. भाजीचे पैसे घडी घालून ठेवतो, पण गाडीला हात लावत नाही, असं मी भावालाही म्हटलं होतं. आणि एका रविवारी, तू वांग्यांचं पोतं उतरवत असताना, मी तुला म्हटलं, "बाबा, ही वांकडी गाडी आमच्या दारांत हाडूं नाका."

तू म्हणालास, "बरें."

त्यानंतर तू कधीच गाडी दारात आणली नाहीस. तिठ्यावर लावायचास आणि तिथून पोतं खांद्यावर घेऊन चढण चढून यायचास. पासष्टीचा माणूस. मी दारातून बघत असे. घाम पुसत पायरीवर बसायचास, नातीला मांडीवर घ्यायचास आणि चहा पिता पिता ठरलेला प्रश्न विचारायचास, "आदोळी चलता मगे?" मी म्हणायची, चलता. नऊ वर्षं तू हे विचारलंस.

परवा मिस्त्रीने दोन्ही बाजूंचे पाटे सोडवून माटवात गोणपाटावर मांडले. एकावर एक चढवलेल्या पोलादी पट्ट्या, वरची लांब, खालच्या आखूड होत गेलेल्या. मला हाक मारली आणि म्हणाला, मोजा. मी मोजले. उजवीकडे सहा, डावीकडे पाच. मी म्हटलं, मोडून पडला असेल एखादा, बाबांनी कुठे लक्ष दिलं. मिस्त्रीने मान हलवली.

"मोडला न्हाई ताई. काढलाय. आणि काढणाऱ्याला अक्कल होती बघा."

मग त्याने दाखवलं. पट्ट्यांच्या मधोमध त्यांना एकत्र धरणारा बोल्ट असतो. उजवीकडचा लांब होता. डावीकडचा पाच पट्ट्यांच्या मापाने करवतीने कापून, टोक कानशीने घासून गोल केलेलं होतं. कडांच्या पकडी ठोकून पाचच्या मापाच्या केलेल्या होत्या. एक पाटा कमी केला की ती बाजू मऊ होते, त्याने सांगितलं, पण बसतेही. गाडी झुकते. मालाच्या गाडीला असं कुणी करत नाही. त्याने विचारलं, "ह्या बाजूला कोण आजारी माणूस बसत होतं काय?"

मी माटवाचा खांब धरला.

मी विचारलं, काढलेल्या पाट्याचं काय करतात. तो म्हणाला, असलं पोलाद कोणी टाकत नाही, लोहार त्याचा कोयता करतो, नाहीतर विळी. तो सहज म्हणाला आणि पुन्हा ग्रीसमध्ये हात घातले. मी तो कापलेला बोल्ट मागून घेतला, रुमालात गुंडाळला आणि स्कूटर काढली. घरी येऊन तांदळाचं पिंप एकटीने सरकवलं. आदोळी तिथेच होती, गंज चढलेली. पात्याच्या बुडाशी, पाटाच्या जरा वर, एक गोल भोक आहे. ते टांगायला ठेवलं असेल अशी माझी समजूत होती. मी बोल्ट त्यातून घातला. आरपार गेला, इकडे तिकडे हललासुद्धा नाही. मी तिथेच फरशीवर बसले आणि खूप रडले. मुलगी कॉलेजातून आली तेव्हा पोळ्या व्हायच्या होत्या.

तू सांगितलं का नाहीस रे? एका वाक्याचं काम होतं. त्या रविवारी पोतं खाली ठेवून म्हणाला असतास, हा कल तुझ्यासाठी आहे, तर मी तुझ्या पाया पडले असते. पण तू बरें म्हणालास आणि तिठ्याकडे चालू लागलास. मला तू हवा आहेस, बाबा. माफी मागायला हवा आहेस, आणि माफी मागून झाल्यावरही हवा आहेस.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने विचारलं, डावीकडे सहा घालायचे ना, सरळ पाहिजे म्हणाला होतात. मी म्हटलं, पाचच घाल. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाचच पाटे उचलले. नवे बुश, नवे शॉकअप, उजवीकडे सहा, डावीकडे पाच. आज सकाळी तो चालवत होता आणि मी डाव्या सीटवर बसून साखळीला आले. खाणी बंद पडल्यापासून ट्रक गेले, रस्ता आता खरोखरच बरा केलाय. एकही धक्का बसला नाही, त्यामुळे तू किती मऊ केलं होतंस ते मला आता कधी कळणार नाही. गाडी मी आमच्या दारातच लावून घेतली, अगदी पायरीला लागून. शेजारणीने विचारलं, एका बाजूला कशी हो? मी म्हटलं, तशीच आहे ती.

हे कागद कुठे पाठवायचे असतात ते मला माहीत नाही. गाडीच्या पुढच्या खणात ठेवते, बोल्टाशेजारी. आता आदोळी घासून तिला दगडावर धार लावली आहे आणि अर्धा नारळ खोवून झाला आहे. पातं चांगलं आहे, तू म्हणाला होतास तसं. पण बोट कापलं. वीस वर्षं घरात असून मी तिच्यावर आज पहिल्यांदा बसले.