उजवा अंगठा माझा, डावा आईंचा

तीर्थस्वरूप दादांना,

धाकट्या मेहुण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडताना उजवा अंगठा जरा बाजूला ठेवला आहे. तो दुखतो. कारण पुढे येईलच.) तुमचं पत्र पोचलं. वहिनींचा खोकला उतरला आणि तुम्ही रोज सकाळी फिरायला जाता, हे वाचून बरं वाटलं. पहिल्या बातमीवर माझा पूर्ण विश्वास आहे. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायचा प्रघात आहे, म्हणून तसं लिहितो. खरं काय ते पत्र वाचून तुम्हीच ठरवा.

तुमची बहीण लेकीच्या बाळंतपणाला गेली, आणि जाताना मला आईंच्या व आईंना माझ्या स्वाधीन करून गेली. आता तुम्ही आईंचे चिरंजीव, तेव्हा तुम्हाला काय सांगायचं. उभी हयात इस्पितळात मेट्रन म्हणून काढलेली बाई. अजूनही त्या खोलीत आल्या की मी नकळत चादर सारखी करतो. माझं आणि त्यांचं भांडण कधीच नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. त्यांच्या लेखी मोठे सर्जन हे डॉक्टर, हाडांचे हेही डॉक्टर, आणि मी मात्र नुसता ‘दातांचा’. लोकांना त्या माझी ओळखही तशीच करून देतात, ‘हे आमचे जावई, दातांचे आहेत.’ ऐकणाऱ्याला वाटतं, मी हस्तिदंतात घडवलेला आहे.

तर तुमची बहीण गेली त्याच आठवड्यात पंख्याच्या पात्यांवर धूळ आहे की नाही, यावर आमचा मतभेद झाला. निकाल लावायला आई स्टुलावर चढल्या आणि खाली आल्या त्या स्टूल जागेवरच ठेवून. (धूळ होती.) उजव्या मनगटाला प्लास्टर. हे तुम्हाला फोनवर कळलंच आहे, पण धुळीचा भाग तुमच्या बहिणीने गाळला असणार. पुढचे दिवस घरात अशी शांतता होती की फ्रिज सुरू झाला तरी कुणी आलं असं वाटायचं. आम्ही समोरासमोर बसून जेवायचो आणि दोघंही मिठाच्या बरणीकडे बघायचो.

अशात लेकीने पार्सल पाठवलं. आजीचा वेळ जावा म्हणून हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र. गेम कसला, तर त्या नकाशेवाल्या बाईच्या सिनेमांवरचा. (तुम्ही पाहिला नसेल एखादा तर सांगतो. एक बाई कंदील घेऊन हरवलेल्या बेटांचे नकाशे काढत हिंडते, सोबत एक आगाऊ बदक असतं, आणि हरवलेल्या भावाचा शोध चालू असतो. असे तीन सिनेमे झाले, तरी भाऊ सापडायचाच आहे.) गुणी पोरीच्या लक्षात एवढंच आलं नाही, की हे यंत्र दोन्ही हातांनी धरावं लागतं. डाव्या अंगठ्याने बाईला चालवायचं, उजव्याने उडी मारायची आणि कंदील लावायचा. आईंनी ते टेबलावर ठेवलं, चष्मा लावला आणि रुग्णाचा तक्ता पाहावा तसं दोन दिवस त्याच्याकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी म्हणालो, उजवी बाजू मी धरू का? त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि सोफ्यावर थोडं सरकल्या. दादा, आमच्या लग्नानंतर त्या माझ्यासाठी पहिल्यांदाच सरकल्या.

आता हा देखावा डोळ्यांसमोर आणा. सासू आणि जावई खांद्याला खांदा लावून, मध्ये वहीएवढं यंत्र, डावा अंगठा त्यांचा, उजवा माझा. संसारात नवरा-बायकोचं जमत नाही तिथे आमचं काय जमणार? आई त्या नकाशेवालीला दरीच्या काठापर्यंत न्यायच्या आणि मी उडी मारायचो ती दरीत. किंवा मी वेळेवर उडी मारायचो आणि त्या तोपर्यंत थांबलेल्या असायच्या, त्यामुळे बाई जागच्या जागी उडून बदकाला दचकवायची. खेळ मुलाबाळांसाठी आहे, म्हणून दरीत पडलं तरी कुणी मरत नाही. बाईचे कागदाचे कपटे होतात, भुरभुरतात आणि पुन्हा जोडून ती काठावर उभी. आईंना हे पहिल्या दिवशी अजिबात पटलं नाही. एवढ्या उंचीवरून पडून साधं फ्रॅक्चरही नाही, आणि लगेच चालायला लावतात, ही त्यांची तक्रार. (स्टूल केवढं होतं, हा विषय मी काढला नाही.) शेवटी त्यांनी शिस्त घालून दिली. त्या हुकूम सोडणार, मी पाळणार. ‘उडी.’ ‘कंदील.’ ‘थांबा.’ शस्त्रक्रियेत कात्री मागावी त्या आवाजात. त्या दिवशी आम्ही पहिला पूल ओलांडला. पलीकडे पोचल्यावर आईंनी चहा पुन्हा गरम करायला सांगितला आणि ‘दोन कप’ म्हणाल्या.

पुलावरूनच एक गोष्ट कळली, जी कदाचित तुम्हालाही ठाऊक नसेल. हे तिन्ही सिनेमे आईंनी पाहिलेले आहेत, मुलांच्या वॉर्डातल्या टीव्हीवर, फेरी मारता मारता. पण शेवट एकाचाही नाही. दर वेळी कुठल्या तरी खाटेवरची घंटा वाजायची. मधला भाग त्यांना तोंडपाठ आहे. कुठल्या भिंतीमागे दार आहे, कुठला म्हातारा खोटं बोलतो, सगळं. भाऊ सापडतो का, हे मात्र माहीत नाही. मी म्हणालो, कुणाला विचारायचं की. त्या म्हणाल्या, ‘विचारायला वेळ कुठे होता? आणि नंतर विचारायला माणसं कुठे होती?’ मग लगेच, ‘उडी.’

आता मुख्य प्रसंग. बँकेचे मॅनेजर माझ्याकडे अक्कलदाढ काढायला आले होते. (दवाखाना पुढच्या खोलीत आणि सोफा मागच्या, हे तुम्ही जाणताच.) भुलीचं इंजेक्शन देऊन मी जबडा बधिर व्हायची वाट बघत होतो, तेवढ्यात आतून घंटा. आईंनी हाताशी एक घंटा ठेवली आहे, आयुष्यभर दुसऱ्यांच्या ऐकल्या म्हणून. मी ‘आलोच’ म्हणून आत गेलो. दुसऱ्या बेटावरची गुहा होती, वेळेची मर्यादा लागलेली, आणि उजवा अंगठा नव्हता. बसलो. गुहेत दोन कळा होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. चुकीची ओढली की पाणी भरायचं. आम्ही तिसऱ्यांदा बुडालो, तेव्हा मागून आवाज आला, ‘हावी, हावी.’ वळून बघतो तर मॅनेजर, गळ्यात लाळेरं, अर्धा गाल झोपलेला. ‘हावी नाही, डावी म्हणताहेत,’ आईंनी ताबडतोब ओळखलं. बधिर माणसांची भाषा त्यांना येते. मॅनेजरांच्या मुलींनी हा गेम पार केला होता म्हणे. डावी ओढली. पाणी उतरलं. मग ‘उहवी’. दार उघडलं. मॅनेजरांनी आनंदाने टाळी वाजवली आणि हसायला गेले, तर अर्धंच हसू आलं.

आईंनी यंत्र खाली ठेवलं. ‘भूल उतरेल, चला,’ असं म्हणून आम्हा दोघांनाही पुढे घालून दवाखान्यात आणलं आणि स्वतः दाराशी उभ्या राहिल्या. दादा, मी हजारो दाढा काढल्या असतील, पण त्या दिवशी हातमोजे दोनदा बदलले. दाढ आडवी होती आणि मूळ वाकडं. हळूहळू सैल करत आणली. मॅनेजर डोळे मिटून पडले होते. निघाली तेव्हा त्यांना कळलंही नाही. ते अजून सुरुवातीची वाट बघत होते. मी हात धुऊन वळलो, तर आई तिथेच होत्या. एवढंच म्हणाल्या, ‘हात हलका आहे तुमचा.’ आणि आत गेल्या. मी नळ बंद करायला विसरलो. दुसऱ्या दिवशी भाजीवाली म्हणाली, तुमच्या सासूबाई सांगत होत्या, जावई डॉक्टर आहेत. कशाचे, ते तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात प्लास्टर निघालं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, झकास जुळलंय, आता दोन्ही हात वापरा. मी त्यांचे आभार मानले, पण मनापासून नाही. संध्याकाळी आई सोफ्यावर येऊन बसल्या. यंत्र उचललं, दोन्ही हातांत धरलं, मनगट वळवून पाहिलं. मी उगाच वर्तमानपत्र उलगडून दारात उभा राहिलो. त्यांनी उजवा हात काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, ‘अजून जोर नाही येत. बसा.’ त्याच दुपारी त्याच हाताने त्यांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं होतं, जे मला उघडता आलं नव्हतं. मी बसलो.

आता शेवटचं बेट राहिलं आहे. दार समोर आहे, किल्ली मिळाली आहे, भाऊ असला तर आतच असणार. पण आईंचं म्हणणं, मागच्या बेटांवर बदकाची काही पिसं वेचायची राहिली आहेत, अर्धवट काम त्यांना चालत नाही. म्हणून आम्ही रोज मागे जातो. पिसं वेचून काहीही मिळत नाही, हे आम्हा दोघांना माहीत आहे. अंगठा दुखतो तो असा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. बाकी सविस्तर भेटीत.

तुमचा,
दातांचा मेहुणा

ता. क. : भेटीवरून आठवलं. येत्या रविवारी आईंना न्यायला येताय असं पत्रात आहे. येऊ नका. म्हणजे जरूर या, तुमचंच घर आहे, पण या रविवारी नको, आणि लगेचच्या रविवारीही नको. काही तरी कारण काढा. गाडी बिघडली म्हणा, वहिनींचा खोकला उलटला म्हणा. मी सांगितलं हे मात्र त्यांना कळू देऊ नका.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात तुमचा फोन आला. म्हणजे तुमचं पत्र निघाल्यावर आईंनीच तुम्हाला कळवलं तर, की बायको घरात नाही, जावयाची तब्येत नाजूक आहे, त्यांना एकटं टाकून इतक्यात हलता येणार नाही. मी चांगला ठणठणीत आहे, दादा. पण आई विचारतील तर नाजूकच सांगा.